बावीस दिवसांपासून दशकाकडे : साठच्या दशकातील अमेरिकेचा भिंतपट कसा करावा

साठच्या दशकातील अमेरिकेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मंडळींनी १९६० पासून आरंभ करू नये, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. साताऱ्यातील आमच्या अभ्यासमंडळाने पहिल्या हिवाळ्यात तोच क्रम धरला होता. केनेडी आणि निक्सन यांची निवडणूक, क्यूबाचा पेच, डॅलसमधील हत्या असे करत पाचव्या बैठकीला आम्ही १९६४ मध्ये पोहोचलो, तेव्हा सोळा सभासदांपैकी सातच उरले होते आणि त्यांतील दोघे चहापुरते येत असावेत अशी मला अजूनही शंका आहे. दोष त्यांचा नव्हता. अनोळखी नावे एकामागून एक येत राहिली, राजकारणाची बैठक वेगळी आणि गाण्यांची बैठक वेगळी झाली, आणि एकाच देशात, एकाच आठवड्यात, एकाच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर या गोष्टी लोकांसमोर येत होत्या हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही रीत बदलली. भिंतीवर कागद लावला, त्यावर दशकाच्या मध्यातील फक्त बावीस दिवस मांडले आणि तेथून मागे व पुढे सरकत गेलो. तीच रीत येथे सविस्तर सांगतो.

साधनसामग्री आणि जागा

पुठ्ठ्याची खोकी बांधणाऱ्या दुकानात खाकी कागदाचा रोल मिळतो, तो घ्यावा. एका महिन्याला दोन इंच असे प्रमाण धरले तर दहा वर्षांना वीस फूट लागतात. दोन्ही टोकांना सहा-सहा महिन्यांसाठी एकेक फूट अधिक सोडावा, म्हणजे एकूण बावीस फुटांची भिंत हवी. एवढी सलग भिंत नसेल तर पाच-पाच वर्षांच्या दोन पट्ट्या एकाखाली एक लावाव्यात. हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावे, कारण पावसाळ्यात साताऱ्याच्या जुन्या इमारतींच्या भिंतींना जी ओल येते तिच्यापुढे कोणताही कागद टिकत नाही. चिठ्ठ्या खळीने चिकटवू नयेत. एक तर झुरळे लागतात, आणि दुसरे म्हणजे एकदा चिकटवलेली चिठ्ठी चुकीची असली तरी सभासद ती काढायला तयार होत नाहीत. टाचणीने लावलेली चिठ्ठी हलवणे मनालाही सोपे जाते.

कागदावर चार आडव्या पट्ट्या आखाव्यात. पहिली सत्ता आणि कायदा यांची, दुसरी रस्त्यावरच्या चळवळींची, तिसरी करमणुकीची, म्हणजे गाणी, खेळ, दूरचित्रवाणी यांची, आणि चौथी आपल्या मुलखाची. पट्ट्यांना रंग देण्याचा मोह होईल, तो आवरावा. आम्ही चळवळींना निळा आणि सत्तेला भगवा रंग दिला तेव्हा पहिला अर्धा तास अमेरिका बाजूलाच राहिली. आपल्याकडे हिरव्या, लाल, निळ्या, भगव्या अशा सगळ्याच रंगांना आधीपासून मालक आहेत. काळी शाई आणि पांढऱ्या चिठ्ठ्या पुरेशा आहेत.

प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि एक पूर्ण वाक्य असावे, आणि त्या वाक्यात कर्ता व क्रियापद असलेच पाहिजे. ‘हिप्पी’, ‘तरुणांचा असंतोष’, ‘प्रतिसंस्कृती’ अशा शब्दांच्या चिठ्ठ्या स्वीकारू नयेत, कारण असंतोषाला तारीख नसते. असंतोषातून कोणी काही केले असेल तर त्याला मात्र तारीख असते. चिठ्ठीच्या मागे माहिती कोठून मिळाली ते लिहावे आणि दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळा झाल्यावाचून ती भिंतीवर जाऊ देऊ नये. या नियमाने आमच्या पहिल्या शंभरातील जवळजवळ तिसरा हिस्सा चिठ्ठ्या परत गेल्या, आणि ज्यांच्या परत गेल्या तेच पुढे सर्वांत चोख अभ्यास करू लागले.

बावीस दिवस

आता प्रत्यक्ष आरंभ. भिंतीच्या मधोमध वेगळा कागद लावून एका दिवसाला तीन इंच या प्रमाणात २५ जुलै ते १५ ऑगस्ट १९६५ हा काळ आखावा. दोन्ही टोकांचे दिवस रविवार आहेत. सभासदांना या तारखा आधी सांगाव्यात आणि त्यात काय घडले ते त्यांनीच शोधून आणावे. आपण शोधून ठेवलेले त्यांच्या हाती देऊ नये. शोधणाऱ्यांना साधारण पुढील गोष्टी सापडतील.

२५ जुलैला ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, तोवर लोकगीतांचा गायक म्हणून गाजलेला बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन वादकांच्या ताफ्यासह रंगमंचावर आला आणि श्रोत्यांतून आरडाओरडा झाला. २८ जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी भरदुपारच्या पत्रकार परिषदेत व्हिएतनाममधील सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेण्याची आणि सक्तीच्या लष्करभरतीचा आकडा महिन्याला १७ हजारांवरून ३५ हजारांवर नेण्याची घोषणा केली. ३० जुलैला मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना शेजारी बसवून, त्यांनी वृद्धांच्या वैद्यकीय विम्याच्या म्हणजे मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. ११ ऑगस्टच्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागाजवळ पोलिसांनी एका कृष्णवर्णीय वाहनचालकाला अडवले, त्यावरून गर्दी जमली आणि पुढच्या सहा दिवसांच्या दंगलीत ३४ माणसे मेली. दंगल चालू असतानाच, १५ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५ हजार श्रोत्यांसमोर बीटल्स गायले.

हे सहा दिवस एका रांगेत दिसले की बैठकीत आपोआप शांतता पसरते. युद्ध वाढवणारा, म्हाताऱ्यांना औषधपाणी देणारा आणि शंभर वर्षे नाकारलेले मत मिळवून देणारा माणूस एकच आहे, आणि या तिन्ही गोष्टी त्याने दहा दिवसांत केल्या आहेत. ‘जॉन्सन चांगला की वाईट’ हा प्रश्न येथे कोणीतरी विचारतोच. त्याचे उत्तर देण्याची घाई करू नये. उत्तराऐवजी एक चिठ्ठी कोरी ठेवून ती भिंतीच्या कोपऱ्यात लावावी आणि शेवटच्या बैठकीपर्यंत तशीच राहू द्यावी.

डिलनच्या चिठ्ठीवर मात्र थोडे थांबावे. श्रोते का ओरडले याबद्दल तेथे हजर असलेल्यांतच एकमत नाही. काहींच्या मते लोकसंगीताशी द्रोह झाला म्हणून, काहींच्या मते ध्वनियोजना वाईट होती म्हणून, आणि काहींच्या मते गाणी फारच थोडी झाली म्हणून. चिठ्ठीवर ‘आरडाओरडा झाला’ एवढेच राहू द्यावे आणि कारणे मागच्या बाजूला लिहावीत. वादग्रस्त कारण पुढच्या बाजूला आले की ते दोन आठवड्यांत सत्य होऊन बसते.

चौथी पट्टी कशी भरावी

आपल्या मुलखाची पट्टी ही शोभेची नाही, आणि ती भरताना सर्वांत जास्त चुका होतात. याच बावीस दिवसांत, ५ ऑगस्ट १९६५ रोजी, काश्मीरमध्ये पाकिस्तानी घुसखोर शिरले आणि महिनाभरात युद्ध पेटले. त्या वेळी भारताचे संरक्षणमंत्री होते कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणानंतर त्यांना मुंबईहून दिल्लीला बोलावून घेतले होते. चीनचे ते आक्रमण २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाले, म्हणजे ज्या तेरा दिवसांत केनेडी आणि ख्रुश्चेव्ह क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग जाळण्याच्या बेतात आले होते त्याच्या ऐन मध्यावर. ही दोन चिठ्ठ्यांची जोडी आमच्या भिंतीवर सर्वांत जास्त वेळा वाचली गेली.

दुसरी चिठ्ठी रेशनच्या दुकानाची. पीएल ४८० या अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याखाली तेथील गहू आपल्याकडे येत असे आणि त्याचा दीर्घ मुदतीचा करार जून १९६५ मध्ये संपला. त्यानंतर जॉन्सन यांनी गहू थोड्या थोड्या मुदतीच्या हिशेबाने सोडण्याचे धोरण धरले. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे हा त्यामागचा उघड हेतू होता, पण व्हिएतनाममधील बॉम्बफेकीवर भारत करत असलेली टीकाही त्यांना खटकत होती. व्हिएतनामचे युद्ध आणि खटाव-माणच्या दुष्काळी गावात रांगेत उभी राहिलेली बाई यांच्यामध्ये अशा रीतीने खरा धागा आहे. तो ओढूनताणून आणलेला नाही.

येथे एक शब्दाची अडचण सांगून ठेवतो. सातारा-सांगली भागात ‘काँग्रेस’ म्हटले की पक्ष आठवतो, शेतकऱ्याला बांधावरचे काँग्रेस गवत आठवते, आणि ते गवत अमेरिकन गव्हाबरोबर आले असे सर्रास मानले जात असल्यामुळे गोंधळात भरच पडते. म्हणून अमेरिकेच्या ‘काँग्रेस’ या कायदेमंडळाला चिठ्ठ्यांवर ‘अमेरिकी संसद’ म्हणावे आणि तिची दोन सभागृहे ‘सिनेट’ व ‘प्रतिनिधीगृह’ अशी लिहावीत. तसेच जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ‘निग्रो’ हा शब्द सरसकट आढळतो. तो त्या काळी अमेरिकेतही प्रचलित होता आणि याच दशकाच्या उत्तरार्धात तेथील चळवळीने तो टाकून ‘ब्लॅक’ हा शब्द अभिमानाने घेतला. जुना मजकूर जसाच्या तसा उतरवायचा असेल तरच तो शब्द अवतरणात ठेवावा, एरवी ‘कृष्णवर्णीय’ लिहावे.

तारखांचा घोळही याच पट्टीवर होतो. आपली घड्याळे न्यूयॉर्कच्या पुढे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतात. केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा डॅलसमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ ची दुपारी साडेबाराची वेळ होती आणि साताऱ्यात बरोबर मध्यरात्र होती. आमच्या एका सभासदाच्या आजोबांच्या वहीत ही बातमी २३ तारखेखाली आहे आणि ती चूक नाही. नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले ते अमेरिकेत २० जुलै १९६९ च्या रविवारी रात्री, आपल्याकडे मात्र सोमवारी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. त्याआधीच्या शनिवारी, १९ जुलैला, इंदिरा गांधींच्या सरकारने चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले होते. वरच्या तीन पट्ट्यांवर अमेरिकेतील तारीख आणि चौथ्या पट्टीवर आपली तारीख, असा नियम ठेवला की भांडण मिटते.

मागे जाणे

बावीस दिवस भरले की प्रत्येक चिठ्ठीला ‘हे कशामुळे?’ असा प्रश्न विचारत डावीकडे जावे. कारण आणि परिणाम दाखवण्यासाठी दोन चिठ्ठ्यांमध्ये दोरा बांधावा. मात्र ज्याला दोरा बांधायचा आहे त्याने उभे राहून तो सिद्ध केला पाहिजे. या दशकात इतक्या गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत की कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडल्याची उदाहरणे पावलोपावली आढळतात. ‘त्याच आठवड्यात’ आणि ‘त्यामुळे’ यांत जे अंतर आहे ते राखण्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

सिद्ध होणाऱ्या दोऱ्याचा उत्तम नमुना मतदान हक्क कायद्याचा आहे. ७ मार्च १९६५ च्या रविवारी अलाबामातील सेल्मा गावात मतनोंदणीचा हक्क मागत निघालेल्या मोर्चावर एडमंड पेट्टस पुलापाशी पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. त्या रात्री एबीसी या वाहिनीवर नाझी गुन्हेगारांवरील न्युरेंबर्गच्या खटल्याचा चित्रपट चालू होता. तो मध्येच थांबवून पुलावरची दृश्ये दाखवली गेली. एका पडद्यावर, एकाच बैठकीत, कोट्यवधी लोकांनी न्युरेंबर्ग आणि सेल्मा पाहिले. आठ दिवसांनी, १५ मार्चला, जॉन्सन यांनी अमेरिकी संसदेपुढे भाषण करून कायदा मागितला आणि ६ ऑगस्टला त्यावर सही झाली. तीन पट्ट्यांतून जाणारा हा दोरा प्रत्येक टप्प्यावर पुराव्याने बांधता येतो. त्याच पुलाच्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, अमेरिकेचे मरीन सैनिक व्हिएतनाममधील दा नांग येथे उतरले. या दोन चिठ्ठ्या शेजारी लागतील, पण त्यांच्यात दोरा नाही.

हा कायदा आपल्या वाचकाला समजावून देण्यासाठी १९५२ ची आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवून द्यावी. अक्षर न ओळखणाऱ्या शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने चिन्ह पाहून मत दिले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र त्यानंतर बारा-तेरा वर्षे कृष्णवर्णीय शिक्षकालाही साक्षरता चाचणीत नापास करून मतदार यादीबाहेर ठेवता येत होते, कारण चाचणी घेणारा अधिकारी प्रश्नही ठरवत असे आणि निकालही. मिसिसिपीत १९६५ पूर्वी मतदानयोग्य कृष्णवर्णीयांपैकी सातेक टक्क्यांचीच नोंदणी होती, आणि कायद्याने चाचण्या स्थगित करून केंद्राचे अधिकारी पाठवल्यावर १९६७ पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेले. एवढा मोठा बदल दोन वर्षांत घडवणारे कायदे जगात फार थोडे आहेत, असे माझे मत आहे.

मग पाच दिवसांनी वॉट्स का पेटले? हा प्रश्न बैठकीत नक्की येतो आणि तो यावाच. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीयांना मत होतेच. तेथील दुखणे घरांचे, नोकऱ्यांचे आणि पोलिसांच्या वागणुकीचे होते. नोव्हेंबर १९६४ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा मोठ्या बहुमताने रद्द ठरवला होता. दक्षिणेचा प्रश्न कायद्याने सुटू लागला त्याच क्षणी उत्तर आणि पश्चिमेचा प्रश्न वर आला. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मेली. आणि त्याच डेट्रॉइटमध्ये १९५९ पासून मोटाउन ही कंपनी कृष्णवर्णीय गायकांची गाणी साऱ्या देशाच्या घराघरांत पोहोचवत होती. करमणुकीच्या पट्टीवरची ही चिठ्ठी आणि दंगलीची चिठ्ठी एकाच शहराची आहे, एवढे सभासदांच्या ध्यानात आणून द्यावे आणि पुढे जावे.

त्याहून मागे गेले की १९६४ चा नागरी हक्क कायदा लागतो. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी लांबलचक भाषणे करत तो साठ दिवस रोखून धरला होता, आणि १९ जून १९६४ ला तो ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. हे आकडे पक्षांनुसार फोडून लिहावेत. रिपब्लिकनांपैकी २७ बाजूने व ६ विरुद्ध, तर डेमोक्रॅटांपैकी ४६ बाजूने व २१ विरुद्ध. आजच्या बातम्या वाचणाऱ्याला हे उलटे वाटते. त्या सहा रिपब्लिकनांपैकी एक होते बॅरी गोल्डवॉटर. नोव्हेंबरातील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉन्सन यांनी त्यांचा ४८६ विरुद्ध ५२ निर्वाचक मतांनी धुव्वा उडवला, पण त्यांनी जिंकलेल्या सहा राज्यांपैकी त्यांचे स्वतःचे ॲरिझोना सोडले तर पाचही खोल दक्षिणेतील होती. पराभवाच्या त्या चिठ्ठीपासून १९६८ कडे जाणारा दोरा सर्वांत लांब आहे आणि तो बांधताना दोघांना दोन टोके धरावी लागतात.

स्त्रियांच्या बदलाची चिठ्ठी चळवळीच्या पट्टीवर शोधू गेल्यास १९६६ पर्यंत, म्हणजे राष्ट्रीय महिला संघटना स्थापन होईपर्यंत, फारसे हाती लागत नाही. ती कायद्याच्या आणि औषधांच्या नोंदींत शोधावी. मे १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला सरकारी मान्यता मिळाली. १९६४ च्या कायद्यात नोकरीतील भेदभावाच्या कलमात ‘लिंग’ हा शब्द घालण्याची सूचना आली ती व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथ यांच्याकडून, आणि ते स्वतः कायद्याचे विरोधक होते. आपल्या सभासदांना सर्वांत आश्चर्य वाटले ते जून १९६५ च्या चिठ्ठीचे. विवाहित जोडप्यांना गर्भनिरोधके वापरू न देणारा कनेक्टिकट राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा कोठे रद्द केला. आपल्या सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासून चालू होता. चौथ्या पट्टीवर आपण पुढे असल्याची जागा मिळाली म्हणून मंडळी खूश झाली, ती खुशी मी मोडली नाही.

सक्तीची भरती : एक अवघड बैठक

२८ जुलैच्या चिठ्ठीतून निघणारी लष्करभरतीची बैठक साताऱ्यात घेताना विशेष तयारी करावी. हा सैनिकांचा जिल्हा आहे, अपशिंगे गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हा शब्द गावकरी अभिमानाने लावतात, आणि आमच्या मंडळात सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. भरतीचे कागद जाळणारी अमेरिकन पोरे त्यांना प्रथमदर्शनी भेकड वाटली आणि त्यांनी तसे स्पष्ट बोलून दाखवले. अशा वेळी वाद घालू नये, पद्धत समजावून द्यावी. आपल्याकडे फौजेत जाणे ऐच्छिक आहे. अमेरिकेत त्या काळी अठराव्या वर्षी प्रत्येक मुलाला नाव नोंदवावे लागे आणि बोलावणे आले की जावे लागे. महाविद्यालयात शिकणाऱ्याला सवलत होती, म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा त्याचा मुलगा वर्गात आणि गरिबाचा, त्यातही कृष्णवर्णीयाचा, व्हिएतनामच्या भातखाचरात, असा हिशेब बसला. १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांच्या ३६६ चिठ्ठ्या काचेच्या भांड्यातून काढून क्रम लावण्यात आला आणि पहिली निघाली १४ सप्टेंबर. सुभेदारसाहेबांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले की फौजेत माणूस चिठ्ठी टाकून निवडत असतील तर ती फौज नव्हे. त्यांचे वाक्य आम्ही चिठ्ठीवर लिहून त्यांच्या परवानगीने चौथ्या पट्टीवर लावले.

मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांची चिठ्ठी याच बैठकीला ठेवावी. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये त्यांनी भरतीला नकार दिला, विजेतेपद गेले, पाच वर्षांची शिक्षा आणि १० हजार डॉलर दंड झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली ती १९७१ मध्ये. त्याच एप्रिलच्या ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती, आणि बरोबर एक वर्षाने त्याच तारखेला मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली.

पुढे जाणे

उजवीकडचा भाग तुलनेने सोपा आहे, कारण १९६८ ची माहिती सगळीकडे भरपूर मिळते. पण तेथूनच आरंभ करणाऱ्यांचे सहसा मृत्यूंची यादी करण्यातच भागते. व्हिएतनाममध्ये टेट या नववर्षाच्या सणातील कम्युनिस्ट फौजांचा हल्ला जानेवारीच्या अखेरीस, जॉन्सन यांची पुन्हा न लढण्याची घोषणा ३१ मार्चला, किंग ४ एप्रिलला, रॉबर्ट केनेडी जूनमध्ये, डेमोक्रॅट पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनाबाहेर निदर्शकांना पोलिसांची मारहाण ऑगस्टमध्ये, मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये कृष्णवर्णीय धावपटूंनी उंचावलेल्या मुठी ऑक्टोबरमध्ये. चिठ्ठ्या लावून टाकाव्यात. थांबायचे ते निवडणुकीपाशी. निक्सन यांना ४३ टक्क्यांहून थोडी अधिक मते आणि डेमोक्रॅट पक्षाचे हम्फ्री यांना त्याहून एक टक्क्यानेसुद्धा कमी नाहीत, तर वर्णभेदाचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्के मते आणि पाच राज्ये. त्या पाचांतील चार राज्ये गोल्डवॉटर यांच्या पाचांतलीच आहेत. लांब दोरा येथे येऊन पोहोचतो.

३ ऑक्टोबर १९६५ चा स्थलांतर कायदा विसरू नये. बावीस दिवसांच्या जवळ असूनही तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्याआधी भारतातून वर्षाला शंभर माणसांना कायमच्या वास्तव्याचा कोटा होता. तो कोटा गेला आणि शिक्षण व कौशल्य यांना दार उघडले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून न्यू जर्सीला गेलेल्या कोणाच्या तरी काकांची चिठ्ठी आपल्याही भिंतीवर येईल. काका मात्र त्या कायद्याला काही श्रेय द्यायला तयार होत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

करमणुकीच्या पट्टीवर वुडस्टॉकचा महोत्सव येईल. १५ ऑगस्ट १९६९ च्या पहिल्याच रात्री तेथे पावसात पंडित रविशंकर यांनी सतार वाजवली. गाणी ऐकवायची असतील तर बैठकीच्या अखेरीस, दिवे पूर्ण लावून, शब्दांचा मराठी अर्थ आधी सांगून ऐकवावीत. चर्चा चालू असताना मागे गाणे लावून ठेवू नये. आम्ही तसे केले तेव्हा चर्चाही झाली नाही आणि गाणेही ऐकले गेले नाही.

काही चिठ्ठ्या दशकात बसत नाहीत, पण भिंतीवर हव्याच असतात. साताऱ्याच्या कटगुणचे मूळ असलेल्या घराण्यातील जोतीराव फुले यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केले होते. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले डॉ. आंबेडकर पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने जाणीवपूर्वक घेतले. या तीन चिठ्ठ्या कागदाच्या बाहेर, भिंतीवरच, डाव्या-उजव्या बाजूंना लावाव्यात. पँथरांच्या दोन चिठ्ठ्यांत दोरा बांधता येतो, कारण नाव घेणाऱ्यांनी स्वतः तो बांधला आहे. त्यावरून जात आणि वर्ण एकच, असे मात्र कोणी म्हणू लागले तर त्याला थांबवावे. दोन्हींची घडण वेगळी आहे आणि तो एका वेगळ्या हिवाळ्याचा विषय आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयनेच्या भूकंपाची चिठ्ठी आमच्याकडे सात जणांनी स्वतंत्रपणे आणली. त्या रात्री कोण कोठे झोपले होते हे सांगण्यात एक अख्खी बैठक गेली. तिला एकही दोरा बांधता आला नाही. ती चिठ्ठी आम्ही काढली नाही.

भिंतपट उतरवताना उजव्या टोकाकडून, म्हणजे ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले त्या चिठ्ठीकडून, आरंभ करावा. टाचण्या काढताना प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तिचा पट्टीचा आणि महिन्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा, दोरे कापू नयेत, गाठी सोडवून गुंडाळावेत, आणि कागदाची गुंडाळी कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या कपाटात उभी ठेवावी. कोपऱ्यातली जॉन्सन यांच्याबद्दलची कोरी चिठ्ठी आमच्याकडे दोन वर्षे कोरीच आहे, आणि येत्या दिवाळीनंतर ती पुन्हा त्याच कोपऱ्यात लावायची आहे.